आठवणीने

गेल्या महिन्यात आईने बीपीची गोळी एकाच सकाळी दोनदा घेतली. चक्कर आली, ओट्याला धरून खाली बसली. शेजारच्या काकूंनी हाक ऐकली म्हणून बरं. तासाभरात सगळं ठीक झालं, पण तोवर साताऱ्याहून पुण्याला, पुण्याहून न्यू जर्सीला आणि तिथून नाशिकच्या मावशीला फोन जाऊन आले होते. रविवारी सगळ्यांनी फोनवरच बैठक घेतली. ठराव एकच: आई आता विसरायला लागली, तिला एकटं ठेवण्यात अर्थ नाही.

ठरावाला अनुमोदन मीही दिलं. हे आधीच सांगून टाकते, कारण हे वाचणाऱ्यांत त्या बैठकीतले निम्मे लोक असणार आहेत. :)

रात्री मात्र झोप येईना. त्याच महिन्यात मी विजेचं बिल भरायला विसरले होते. दादा वहिनीचा वाढदिवस विसरला होता (दादा, सॉरी, पण हे आता सगळ्यांना माहीत आहे). त्यावर कुणी बैठक घेतली नाही. आणि जिच्यावर घेतली तिचा फोन बाबा गेल्यापासून, म्हणजे गेली आठ वर्षं, रोज रात्री नऊला येतो. नऊ म्हणजे नऊ. बातम्या लागायच्या आधी. मी फोन करायचा असं ठरलं असतं तर आठवड्यातून तीनदा तरी राहून गेला असता.

मग "विसरायला लागली" म्हणजे नक्की काय, हे शोधायच्या नादाला लागले. महिनाभर जमेल तसं वाचलं. मेंदूबद्दल काहीतरी हाती लागेल असं वाटलं होतं, हाती लागला तो एक इतिहास. तोही शंभर वर्षं चकवा लागल्यासारखा फिरलेला. तो लिहून ठेवावासा वाटला.

आधी एक आपल्याच भाषेतली गंमत. "आठवण" म्हटलं की आपल्याला मागचं दिसतं. शाळा, आजोळ, गेलेली माणसं. पण तोच शब्द "आठवणीने" असा झाला की तोंड फिरवून पुढे बघायला लागतो. आठवणीने डबा ने. आठवणीने पत्र टाक. पोचल्यावर आठवणीने फोन कर. या वाक्यांत घडलेलं काहीच नाही, सगळं व्हायचं आहे. आपल्या आज्यांनी हा फरक एका प्रत्ययात बसवला होता. मानसशास्त्रात त्याला स्वतंत्र नाव मिळायला १९७५ साल उजाडावं लागलं. जॉन मीचम आणि बर्ट लायमन या अमेरिकन संशोधकांनी ते वापरलं, आणि आज त्याला "प्रॉस्पेक्टिव्ह मेमरी" म्हणतात. मी इथे "आठवणीने करायचं काम" असंच म्हणणार आहे.

इतका उशीर का झाला, याचं उत्तर १८८५ मध्ये सापडतं. त्या वर्षी हेर्मान एबिंगहाउस या जर्मन माणसाने स्मरणशक्तीवरचं पुस्तक छापलं. त्याने अर्थहीन अक्षरांच्या लांबच लांब याद्या केल्या, स्वतःच पाठ केल्या आणि किती तासांनी किती उरतं ते मोजलं. प्रयोग करणाराही तोच आणि ज्याच्यावर केला तोही तोच. चिकाटीला नमस्कारच केला पाहिजे. पण त्या दिवसापासून स्मरणशक्ती म्हणजे पाठांतर, हे समीकरण असं चिकटलं की आजही डॉक्टर म्हाताऱ्या माणसाला तीन शब्द सांगतात आणि पाच मिनिटांनी विचारतात. मला राहून राहून वाटतं, रोज यादी घेऊन बसायचंय हे एबिंगहाउसच्या लक्षात राहत होतंच की! ते मात्र मोजायचं कुणाला सुचलं नाही.

सुचलं ते आधी फ्रॉइडला, १९०१ मध्ये. रोजच्या जगण्यातल्या चुकांवर त्याने पुस्तक लिहिलं, त्यात ठरवलेलं काम विसरण्याबद्दल एक भाग आहे. त्याचं म्हणणं असं की दोन ठिकाणी "विसरलो" ही सबब कधीच चालत नाही. एक प्रेमात, दुसरं सैन्यात. प्रेयसीला भेटायचं विसरलेल्याला ती विचारणार, वर्षापूर्वी विसरला असतास का? म्हणजे विसरण्यामागे मनातली नाखुशी असते, असा त्याचा सिद्धांत. सिद्धांत सगळीकडे लागू पडतो असं मला वाटत नाही (विजेच्या बिलाला लागू पडतो). पण एक गोष्ट त्याने बरोबर पकडली. जुनी गोष्ट आठवली नाही तर लोक आपल्या स्मरणशक्तीला नावं ठेवतात. करायचं काम विसरलं तर आपल्यालाच नावं ठेवतात.

पुढचा टप्पा बर्लिनचा. कुर्ट लेविनने १९२६ मध्ये पत्राचं उदाहरण दिलं. खिशात टाकायचं पत्र आहे. ते आहे तोवर रस्त्यावरची पत्रपेटी आपल्याला जणू हाक मारते. पत्र टाकून झालं की पुढच्या कोपऱ्यावर तशीच पेटी असते, पण ती गप्प. त्याची विद्यार्थिनी गिता बिरेनबाउम हिने १९३० मध्ये हे प्रयोगात आणलं. लोकांना कागदावर कोडी सोडवायला दिली आणि प्रत्येक कागदावर सही करायला सांगितलं. कोडी एका लयीत चालू असेपर्यंत सह्या होत गेल्या. मध्ये वेगळ्या जातीचं काम आलं की सही राहून जायची. म्हणजे सही नुसती "डोक्यात" नव्हती, ती कामाच्या लयीला बांधलेली होती. लय तुटली, सही सुटली.

हे वाक्य लिहिताना आज मला साताऱ्याचं स्वयंपाकघर दिसतं. पण वाचलं तेव्हा दिसलं नव्हतं. तिकडे येतेच.

१९३३ मध्ये लेविनला जर्मनी सोडून अमेरिकेला जावं लागलं आणि हा धागा तुटला. आठवणीने करायच्या कामांचा अभ्यास करायचा, हेच लोक जवळजवळ चाळीस वर्षं विसरून गेले म्हणायचे. १९७१ मध्ये एलिझाबेथ लॉफ्टसने एक छोटा प्रयोग केला. प्रश्नावली संपली की तुमचा जन्म कोणत्या राज्यात झाला ते सांगा, एवढंच. मधले प्रश्न वाढले की विसरणारे वाढले. शेवटचा प्रश्न कशाबद्दल असेल हे आधी सांगितलं, म्हणजे एक खूण दिली, की विसरणारे कमी झाले.

खरी गाडी रुळावर आली ती १९७८ मध्ये, वेल्समधल्या कार्डिफच्या एका परिषदेत. रोजच्या व्यवहारातली स्मरणशक्ती हाच परिषदेचा विषय होता. उल्रिक नायसर यांनी तिथे आपल्याच व्यवसायबंधूंना झापलं. लोकांना स्मरणशक्तीबद्दल जे खरे प्रश्न पडतात त्यांच्या वाटेला आपण जवळपास गेलेलोच नाही, असा त्यांच्या बोलण्याचा रोख होता. त्याच परिषदेत केंब्रिजच्या अर्नॉल्ड विल्किन्स आणि अ‍ॅलन बॅडली यांनी जे सांगितलं ते वाचून मी खुर्चीत सरसावून बसले.

त्यांनी काही गृहिणींना एक छोटं यंत्र दिलं. बरोबर बाळगायचं आणि दिवसातून चार वेळा, ठरलेल्या वेळी, त्याचं बटण दाबायचं. आठवडाभर. बटण कधी दाबलं ते यंत्र नोंदवून ठेवणार. म्हणजे दिवसातून चारदा गोळी घेण्याची नक्कलच ती. शिवाय त्यांची शब्दांच्या यादीची नेहमीची परीक्षाही घेतली. निकाल उलटा लागला. ज्यांना शब्द जास्त आठवत होते, त्यांचं बटण दाबणं जास्त अनियमित! विसरभोळ्या प्राध्यापकाची गोष्ट प्रयोगातून बाहेर आली म्हणा ना. एबिंगहाउसच्या परीक्षेत पहिला नंबर येणं आणि वेळेवर गोळी घेणं, ही दोन वेगळी कसबं निघाली.

यातल्या कुणी म्हाताऱ्या माणसांकडे अजून नीट पाहिलं नव्हतं. ते पाहिलं टोरांटोच्या मॉरिस मॉस्कोविच यांनी. १९८२ मध्ये त्यांनी जे छापलं ते इतकं साधं आहे की आपल्या घरातही करता येईल. काही तरुण, काही वयस्क. सगळ्यांना सांगितलं, अमुक दिवशी अमुक वेळी आम्हाला फोन करा. बस. म्हातारे मागे पडणार हे गृहीतच होतं. पण चुकवलं तरुणांनी. वयस्कांचे फोन वेळेवर आले.

का, ते विचारल्यावर कळलं. तरुणांचा स्वतःच्या डोक्यावर विश्वास होता, म्हणून त्यांनी काहीच केलं नव्हतं. वयस्कांचा नव्हता, म्हणून त्यांनी चिठ्ठी लिहिली होती, काही ना काही खूण करून ठेवली होती. माझी आजी पदराला गाठ मारायची. युरोपात हातरुमालाला मारत. १९७३ पासून आपल्याकडे खिळ्याला टांगलेलं कालनिर्णय आहे, त्याच्या चौकोनात "गॅस लावला", "दूध अर्धा लि. कमी", "मावशी येणार" हे सगळं बारीक अक्षरात. माझ्या पिढीने या गोष्टींना म्हातारपणाची काठी समजायची सवय लावून घेतली. मॉस्कोविच यांच्या फोनवर मात्र काठीवाले वेळेवर पोचले आणि धडधाकट मागे राहिले.

इथे कुणालाही वाटेल की प्रश्न सुटला. पण १९८६ मध्ये टोरांटोचेच फर्गस क्रेक यांनी एक विचार मांडला आणि गंमत म्हणजे तोही बिनतोड वाटतो. ते म्हणाले, वय वाढतं तसं सगळ्या प्रकारचं आठवणं सारखं बिघडत नाही. समोर चार फोटो ठेवून "यातला कोण पाहिला होतास?" असं विचारलं तर म्हातारे फारसे मागे पडत नाहीत, कारण समोरचा फोटोच मदत करतो. नुसतं "आठव" म्हटलं तर जास्त मागे पडतात. आणि आठवणीने करायच्या कामात तर "आठव" म्हणणारंही कुणी नसतं. स्वतःच स्वतःला हलवायचं. म्हणून म्हातारपणात सगळ्यात जास्त फटका इथेच बसायला हवा.

बरोबर वाटतं ना? आमच्या रविवारच्या बैठकीत वेगळ्या शब्दांत हेच बोललं गेलं होतं.

१९९० मध्ये गिल आइनस्टाईन (हे दुसरे, मानसशास्त्रवाले) आणि मार्क मॅकडॅनियल यांनी प्रयोगशाळेत हे तपासलं. एक काम करता करता पडद्यावर ठराविक शब्द आला की बटण दाबायचं. तरुण आणि म्हातारे यांच्यात फरकच दिसला नाही. पुढे १९९५ मध्ये उलगडा थोडा झाला. शब्द दिसला की दाबा, असं असेल तर म्हातारे टिकतात. अमुक मिनिटं झाली की दाबा, असं असेल तर मागे पडतात.

हा फरक आपल्याकडच्या कुठल्याही बाईला प्रयोगाशिवाय कळेल. "तीन शिट्ट्या झाल्या की गॅस बंद कर" आणि "वीस मिनिटांनी गॅस बंद कर" यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. शिट्टी येऊन सांगते. मिनिटं येऊन सांगत नाहीत, त्यांच्याकडे आपल्याला जावं लागतं. दूध तापवायची शिट्टीवाली भांडी आली तेव्हा आईने बाबांच्या मागे लागून आणवलं होतं, ते आठवलं.

त्याच वर्षी, म्हणजे १९९० मध्येच, इंग्लंडमध्ये एलिझाबेथ मेलर यांनी ५२ ते ९५ वयाच्या २२२ स्त्रियांना सोमवार ते शुक्रवार रोज एक फोन करायला सांगितलं. हे वाचताना माझ्या डोळ्यांसमोर २२२ आया फोनजवळ बसलेल्या. ज्यांनी फोनची वेळ रोजच्या एखाद्या गोष्टीला बांधली होती किंवा समोर काही खूण ठेवली होती, त्यांना जमलं. नुसतं मनात ठेवणाऱ्यांना तितकंसं जमलं नाही. आमच्या नऊच्या फोनचं गुपित हेच. बातम्या लागायच्या आधी.

यापुढचं कोडं आणखी वाढवलं ते ऑस्ट्रेलियाच्या पीटर रेंडेल यांनी. १९९९ मध्ये त्यांनी डोनाल्ड थॉमसन यांच्याबरोबर विशीतले, साठीतले आणि ऐंशीच्या पुढचे लोक घेतले. एक खिशातलं यंत्र दिलं आणि दिवसातून चारदा ठरल्या वेळी त्यात नोंद करायला सांगितलं, आठवडाभर. घरी, आपापल्या व्यापात. दोन्ही वयस्क गट तरुणांपेक्षा पुढे. प्रयोगशाळेतल्या कामात मात्र चित्र उलटं, तिथे तरुण पुढे.

मग रेंडेल आणि खुद्द फर्गस क्रेक एकत्र आले. होय, तेच बिनतोड विचारवाले. स्वतःच्या विचाराला अडचणीत आणणाऱ्या माणसाबरोबर बसून काम करणं मला आवडलं, आमच्या घरात हे फारसं होत नाही. २००० मध्ये त्यांनी एक खेळ बनवला. आपल्या नव्या व्यापारासारखा पट, फासे, सोंगटी. पटाचा एक फेरा म्हणजे एक दिवस. सकाळी नाश्त्याबरोबर औषध, अमक्याला भेटलं की निरोप, अमुक वाजता अमुक काम, असं खेळता खेळता लक्षात ठेवायचं. पटावरच्या आठवड्यात म्हातारे मागे. मग तशीच कामं खऱ्या आठवड्यात करायला सांगितली. म्हातारे पुढे!

२००४ मध्ये ज्युली हेन्री आणि सहकाऱ्यांनी तोवरचे सगळे अभ्यास एकत्र तपासले, तेव्हाही हेच निघालं. प्रयोगशाळेत वय वाढलं की काम घटतं, घरात वाढतं. तज्ज्ञ याला विरोधाभास म्हणतात. मला त्यात विरोधाभास दिसत नाही. ज्याने चाळीस वर्षं एकाच ओट्यावर स्वयंपाक केला त्याला दुसऱ्याच्या ओट्यावर मीठ सापडत नाही, तसं आहे ते.

"रिटायर माणसांना कामच काय असतं?" हा दादाचा मुद्दा. तो अगदीच चूक नाही. अमेरिकेत डेनिस पार्क यांनी १९९९ मध्ये संधिवाताच्या १२१ रुग्णांच्या औषधांच्या बाटल्यांना वेळ नोंदवणारी झाकणं लावली. रुग्ण ३४ ते ८४ वयाचे. सगळ्यात नेमाने औषध घेणारे निघाले वयस्क, आणि चुकवणारे मधल्या वयातले, धावपळीतले. म्हणजे दादा आणि मी. तेव्हा मोकळा वेळ हे एक कारण आहेच. शब्द दिला की पाळायचा, ही जुनी खोडही असावी, असं माझं आपलं मत. आणि तिसरं, घर. आपण ज्याला म्हाताऱ्या माणसाची स्मरणशक्ती म्हणतो तिचा अर्धा भाग भिंतीवर, कोनाड्यात, डब्याच्या झाकणावर ठेवलेला असतो.

इथे थांबले तर गोष्ट फार गोड होईल, आणि ते खरं नाही. २००० मध्येच फेलिशिया हपर्ट आणि सहकाऱ्यांनी ब्रिटनमधल्या पासष्टीपुढच्या सुमारे १२ हजार लोकांचा अभ्यास छापला. त्यांना एक पाकीट दिलं जाई. त्यावर पत्ता लिहायचा, मग ते बंद करायचं आणि मागे आपली आद्याक्षरं लिहायची. (लेविनचं पत्र आणि बिरेनबाउमची सही, सत्तर वर्षांनी एकाच पाकिटात!) पूर्ण जमलं फक्त निम्म्याहून थोड्या जास्त लोकांना. वय वाढत गेलं तसं प्रमाण घटत गेलं. आणि स्मृतिभ्रंशाची नुकती सुरुवात झालेल्यांपैकी फारच थोड्यांना जमलं. तेव्हा जी काळजी आम्हाला वाटली ती वेडगळ नव्हती. आईला आम्ही डॉक्टरांकडे नेलं, तीन शब्द विचारून झाले, आणखीही तपासण्या झाल्या. वयाच्या मानाने ठीक आहे म्हणाले. वर जे सगळं लिहिलं ते अशा ठीक असलेल्या म्हातारपणाबद्दल आहे, आजाराबद्दल नाही.

पण मग दोनदा गोळी का घेतली?

आइनस्टाईन आणि मॅकडॅनियल यांचा १९९८ चा एक अभ्यास नेमका याच प्रश्नावर निघाला. काम रोजचं, पुन्हा पुन्हा करायचं असेल तर म्हाताऱ्यांची चूक कुठे होते? करायचं विसरण्यापेक्षा, केलेलं विसरण्यात. हात इतक्या सवयीने चालतो की केल्याची खूणच मनावर उमटत नाही. आज घेतली की ती कालची आठवण, हे वेगळं करता येत नाही, आणि मग पुन्हा घेतली जाते.

हे वाचलं आणि त्या रात्री नऊच्या फोनवर मी आईला विचारलं, तू आधी गोळी कशी घ्यायचीस?

"कशी म्हणजे? वाटीत," ती म्हणाली.

मग हळूहळू कळलं. रात्री दिवे घालवायच्या आधी ती पट्टीतून एक गोळी कापून एका छोट्या स्टीलच्या वाटीत टाकायची आणि वाटी चहाच्या डब्याच्या झाकणावर ठेवायची. सकाळी चहा करायचा तर डबा उघडणार, डबा उघडायचा तर वाटी उचलणार. गोळी घेतली की वाटी पालथी. दिवसभर शंका आली की बघायचं, वाटी पालथी आहे का. आठ वर्षांत एकदाही चुकलं नाही.

आणि उन्हाळ्यात मी जाऊन काय केलं? जुनं फडताळ काढलं, नवं किचन करून दिलं. चहा-साखर आत गेली. औषधांना वेगळा ड्रॉवर झाला. वाटी घासून सहाच्या संचात ठेवली. आणि आईच्या मोबाइलवर सकाळी साडेसातचा गजर लावून दिला. ती तेव्हा एवढंच म्हणाली होती, "केलंयस तर चांगलंच."

त्या दिवशी गजर वाजला, तिने गोळी घेतली, गजर बंद करायला बटण दाबलं. ते बटण बंद करायचं नव्हतं, दहा मिनिटांनी पुन्हा वाजवायचं होतं. तो पुन्हा वाजला. गोळी घ्यायची वेळ झाली असं तो सांगत होता, म्हणून तिने घेतली. गजर "घे" एवढंच म्हणू शकतो. "घेतलीस" म्हणत नाही. वाटी दोन्ही म्हणायची.

"मला सांगितलं का नाहीस?" मी विचारलं.

"काय सांगू? तुम्ही सगळे म्हणालात मी विसरते. मला वाटलं, विसरत असेन."

याच्यावरही काम झालेलं आहे. अमेरिकेत जोन अर्बर आणि सहकाऱ्यांनी १९९० मध्ये लोकांना विसरण्याचे छोटे छोटे प्रसंग वाचायला दिले. प्रसंग तेच, फक्त विसरणारी व्यक्ती कधी तरुण, कधी वयस्क. तरुणाने विसरलं तर वाचणारे म्हणत, लक्ष दिलं नसेल. वयस्काने विसरलं तर म्हणत, डोक्यातच काही बिघडलं असेल. एकच चूक, दोन निदानं. विजेचं बिल आणि बीपीची गोळी.

गेल्या शनिवारी साताऱ्याला जाऊन आले. चहाचा डबा ओट्यावर आणला, संचातली एक वाटी काढून आईच्या हातात दिली. तिने ती फिरवून बघितली आणि परत केली. "ही नव्हे. ती चेपलेली." चेपलेली सापडायला अर्धा तास लागला, बाल्कनीत मोगऱ्याला पाणी घालायला गेली होती. गजर काढून टाकला.

वर एक गंमत म्हणून २००९ चा मॅकडॅनियल वगैरेंचा प्रयोगही सांगितला. रोजचं काम करताना वयस्कांना डोक्यावर एक हात ठेवून बटण दाबायला सांगितलं, तर पुन्हा पुन्हा दाबण्याची चूक कमी झाली. विचित्र काहीतरी केलं की केल्याचं लक्षात राहतं. आई खूप वेळ हसली. म्हणाली, काकूंनी खिडकीतून बघितलं तर तेच सातारा सोडायला लावतील मला.

सातारा सोडायचा की नाही, ते दिवाळीत सगळे जमल्यावर बोलायचं ठरलंय. तोवर माझं अनुमोदन मी मागे घेतलंय, हे बैठकीतल्यांनी वाचून घ्यावं.

काल नऊला फोन आला.

"वाटी पालथी आहे," ती म्हणाली. "डोक्यावर हात ठेवूनच घेतली. बिल भरलंस का तू?"

भरलं नव्हतं.